फणसाच्या फळीतला ओलावा: दिशेनुसार बदलणारं विसरण सॉफ्टवेअरमध्ये कसं मांडायचं

जूनमध्ये पावसाने जोर धरला की गोव्यातल्या जुन्या घरांची दारं चौकटीत अडकायला लागतात. अडकतात ती रुंदीत. उंचीत सहसा नाही. लाकूड धाग्याच्या दिशेने जवळजवळ फुगतच नाही. आडव्या दिशांतही वाढवलयांना धरून जी स्पर्शदिशा असते तिच्यात ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट फुगतं. ओलाव्याच्या प्रवासालाही, म्हणजे विसरणालाही, अशीच दिशा असते. धाग्याच्या दिशेने ओलावा आडव्या दिशेपेक्षा साधारण 10 ते 15 पट वेगाने सरकतो, आणि आडव्या दोन दिशांत त्रिज्येची दिशा थोडी पुढे असते.

हे सगळं सॉफ्टवेअरला सांगायला फारसा वेळ लागत नाही. अडचण नंतरची आहे. दिशा चुकली तरी सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) तक्रार करत नाही. गुळगुळीत, रंगीत, पटण्यासारखं चित्र समोर ठेवतो. म्हणून या लेखात आकडे भरण्यापेक्षा ते बरोबर दिशेत पोचले का, हे तपासण्यावर जास्त भर आहे. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोजेक्ट करणाऱ्याला जे लागेल तेच फर्निचर किंवा होड्यांच्या डिझाइनमध्ये असलेल्यालाही लागेल.

उदाहरण म्हणून फणसाची एक फळी घेऊ: लांबी 300 मिमी, जाडी 25 मिमी, दोन्ही बाजूंनी उघडी. रुंदी मोठी आहे असं धरून फक्त लांबी आणि जाडीचं प्रतल बघू. धाग्याच्या दिशेचा विसरणांक (ओलावा किती वेगाने पसरतो त्याचं माप) 10 × 10⁻¹⁰ चौ.मी. प्रति सेकंद आणि आडवा 1 × 10⁻¹⁰. हे आकडे सरावासाठी धरलेले आहेत. तुमच्या लाकडाचे कसे काढायचे ते पुढे येईल.

आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन भागाकार करा. विसरणाला लागणारा काळ अंतराच्या वर्गाला विसरणांकाने भागून मिळतो. अर्धी जाडी 12.5 मिमी, म्हणजे जाडीतून वाळायला साधारण 15.6 लाख सेकंद, 18 दिवस. अर्धी लांबी 150 मिमी, आणि विसरणांक दसपट असूनही तिकडून लागतात सुमारे 260 दिवस. म्हणजे धाग्याची दिशा वेगवान असली तरी फळीचा मधला भाग जाडीतूनच वाळणार.

मग दसपट वेग दिसणार कुठे? टोकांशी. त्या 18 दिवसांत धाग्याच्या दिशेने ओलावा विसरणांक गुणिले काळ यांच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे 40 मिमी सरकतो. दोन्ही टोकांचे हे 40 मिमी बाकीच्या फळीच्या आधी वाळतात, आकसायला बघतात, मधला ओला भाग त्यांना आकसू देत नाही, आणि टोकं तडकतात. ताज्या फळ्यांच्या टोकांना मेण किंवा तैलरंग चोपडण्याची सुतारकामातली पद्धत याच 40 मिमीसाठी आहे. तुमच्या मॉडेलमध्ये टोकाचा पट्टा 5 मिमी किंवा 150 मिमी दिसला, तर पुढे जाऊ नका.

टेन्सर: कोन टाळता आला तर टाळा

फिकने 1855 मध्ये मांडलेल्या नियमात प्रवाह ग्रेडियंटच्या, म्हणजे ओलावा वाढण्याच्या दिशेच्या, उलट जातो आणि विसरणांक ही एक संख्या असते. दिशा आली की त्या संख्येच्या जागी सममित टेन्सर, म्हणजे दिशांनुसारच्या संख्यांचं सममित मॅट्रिक्स, बसतो, आणि प्रवाह ग्रेडियंटच्या रेषेत राहतोच असं नाही. द्विमितीत तीन संख्या लागतात, त्रिमितीत सहा.

धागा एक्स-अक्षाशी एखादा कोन करत असेल तर नेहमीची सूत्रं अशी:

एक्स-एक्स = (धाग्याचा × कोसाइन वर्ग) + (आडवा × साइन वर्ग)
वाय-वाय = (धाग्याचा × साइन वर्ग) + (आडवा × कोसाइन वर्ग)
एक्स-वाय = (धाग्याचा − आडवा) × साइन × कोसाइन

कोन 20 अंश घेतला तर (10⁻¹⁰ सोडून) 8.947, 2.053 आणि 2.893 येतात. पडताळा सोपा आहे: पहिल्या दोघांची बेरीज 11 यायला हवी, आणि त्यांच्या गुणाकारातून तिसऱ्याचा वर्ग वजा केला की 10. अक्ष कितीही फिरवले तरी या दोन गोष्टी बदलत नाहीत. यातली दुसरी गोष्ट म्हणजे डिटरमिनंट; तो ऋण आला तर टेन्सरला अर्थच नाही, कारण मग एखाद्या दिशेने ओलावा कमीकडून जास्तीकडे वाहायला लागेल.

मी स्वतः मात्र दुसरी मांडणी वापरतो. धाग्याच्या दिशेचा एकक सदिश घ्या. मग टेन्सर म्हणजे आडवा विसरणांक गुणिले एकक मॅट्रिक्स, अधिक दोन विसरणांकांतला फरक गुणिले त्या सदिशाचा स्वतःशीच बाह्य गुणाकार (त्याच्या घटकांच्या आपसांतल्या गुणाकारांचं मॅट्रिक्स). यात कोन नाही, अंश-रेडियनचा घोळ नाही, आणि सदिश उलटा धरला तरी उत्तर तेच. धाग्याची दिशा स्कॅनमधून बिंदूगणिक आलेली असेल तर याचा आणखी फायदा होतो. 179 अंश आणि 1 अंश यांची सरासरी 90 येते, आणि ती साफ चूक आहे, कारण दोन्ही धागे जवळपास एकाच रेषेत आहेत. सरासरी कोनांची नको, बाह्य गुणाकारांची घ्या.

विसरणांक ओलाव्यानुसार बदलत असतील, आणि खऱ्या लाकडात ते बदलतातच, तर तो बदल धाग्याच्या आणि आडव्या आकड्यांत आधी करा. टेन्सर फिरवणं त्यानंतर.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना

कॉमसोल, फेनिक्स, ओपनफोम आणि अबॅकस ही अशी समीकरणं सोडवणारी पॅकेजेस. कॉमसोलमध्ये विसरणांकाच्या खान्याशेजारी आयसोट्रॉपिक, डायगोनल, सिमेट्रिक असे पर्याय मिळतात. रस्ते दोन आहेत. एक, फिरवलेला टेन्सर ग्लोबल अक्षांत स्वतः भरा. दोन, डायगोनल निवडून फक्त 10 आणि 1 भरा आणि दिशा कोऑर्डिनेट सिस्टिमकडून घ्या. सरळ फळीला रोटेटेड सिस्टिम पुरते. वाकवलेल्या भागाला, समजा होडीच्या वाकड्या फासळीला, कर्व्हिलिनियर कोऑर्डिनेट्स हा इंटरफेस धाग्याची दिशा आकाराबरोबर वळवत नेतो. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरू नका. हाताने फिरवलेला टेन्सर आणि वर रोटेटेड सिस्टिम असं झालं की 20 अंशांचे 40 होतात, आणि चित्रावरून ते कळत नाही.

फेनिक्समध्ये सगळं तुमच्या हातात असतं. विक फॉर्ममध्ये (समीकरणाच्या इंटिग्रल रूपात) टेन्सर गुणिले ग्रेडियंट, आणि त्याचा टेस्ट फंक्शनच्या ग्रेडियंटशी डॉट. एवढंच. त्रिकोणमितीय फलनं इथे रेडियन मागतात. 20 तसेच दिले तर ते 20 रेडियन होतात, म्हणजे फेऱ्या वजा केल्यावर जवळपास 66 अंश.

ओपनफोममध्ये लाप्लासियनला (समीकरणातल्या विसरणाच्या पदाला) टेन्सर गुणांक देता येतो, पण आत काय होतं ते माहीत हवं. मेशच्या (गणनेसाठी आखलेल्या जाळीच्या) पेशीच्या पृष्ठाला लंब असलेला भागच मॅट्रिक्समध्ये जातो. तिरका भाग आधीच्या उत्तरावरून काढून उजव्या बाजूला टाकला जातो. म्हणून नॉन-ऑर्थोगोनल करेक्टर (या दुरुस्तीच्या फेऱ्यांची संख्या) शून्य ठेवू नका, मेश अगदी चौकोनी असली तरी. इथे तिरकेपणा मेशमधून येत नाही, टेन्सरमधून येतो. अवशेष (समीकरणात उरलेला फरक) स्थिर होईपर्यंत दोन-तीन फेऱ्या द्या.

अबॅकसमध्ये ऑर्थो (फक्त अक्षांवरचे तीन आकडे) निवडून ओरिएंटेशन देणं सगळ्यात स्वच्छ. अनायसो (सहाही घटक) निवडलंत तर घटकांच्या क्रमावर नजर ठेवा. अबॅकस 11, 12, 22, 13, 23, 33 असा क्रम घेतो. ओपनफोमचा सममित टेन्सर एक्स-एक्स, एक्स-वाय, एक्स-झेड, वाय-वाय, वाय-झेड, झेड-झेड असा. एकातली ओळ उचलून दुसऱ्यात चिकटवली तर तिसरा आणि चौथा आकडा आपसांत बदलतात. घटक सहाच असल्याने कुठेही त्रुटी दाखवली जात नाही.

स्वतःचा फायनाइट डिफरन्स कोड लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. धाग्याची दिशा जागेनुसार बदलत असेल तर समीकरण डायव्हर्जन्सच्या रूपातच ठेवा, टेन्सर बाहेर काढून फक्त दुसरी डेरिव्हेटिव्ह घेऊ नका. आणि एक्स-वाय घटकासाठी कोपऱ्यातले चार शेजारी लागतात. पाच बिंदूंचा स्टेन्सिल (मधला बिंदू आणि बाजूचे चार) तो पकडूच शकत नाही. एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढचं उत्तर थेट आधीच्या उत्तरावरून काढणाऱ्या) काळाच्या पायरीची मर्यादा म्हणजे जाळीच्या अंतराचा वर्ग भागिले (2 × दोन्ही विसरणांकांची बेरीज). 1 मिमी जाळीला ती सुमारे 450 सेकंद पडते.

चाचणी: फळीच्या आधी एक ठिपका

ही पायरी टाळली तर पुढच्या सगळ्या कामाला आधार राहत नाही. फळी बाजूला ठेवा आणि 200 मिमीचा एक चौरस घ्या. त्याच्या मधोमध ओलाव्याचा एक गोल ठिपका द्या: गाउसियन, प्रमाण विचलन 5 मिमी. कडा बंद. टेन्सर 20 अंशांवर फिरवलेला. 86,400 सेकंद, म्हणजे एक दिवस, चालवा.

अमर्याद माध्यमात या प्रश्नाचं नेमकं उत्तर माहीत आहे. ठिपका गाउसियनच राहतो आणि त्याची प्रसरणं (म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांची ओलाव्याने भारित सरासरी) दर सेकंदाला टेन्सरच्या दुपटीने वाढतात. आपला चौरस इतका मोठा आहे की एका दिवसात कडा आड येत नाहीत. अपेक्षित आकडे, चौ.मिमी मध्ये: एक्स-एक्स 179.6, वाय-वाय 60.5, एक्स-वाय 50. सुरुवातीला हेच 25, 25 आणि 0 होते. बहुतेक पॅकेजमध्ये हे काढायला तीन इंटिग्रल पुरतात. एकूण ओलाव्याचं चौथं इंटिग्रलही सोबत काढा. तो बदलता कामा नये.

चुकलं असेल तर काय चुकलं हे आकड्यांवरूनच ओळखता येतं. 60.5 आणि 179.6 अशी अदलाबदल दिसली तर कोन दुसऱ्या अक्षापासून मोजला गेलाय किंवा घटकांचे रकाने उलटलेत. एक्स-वाय उणे 50 आला तर फिरवण्याची दिशा उलटी आहे, बहुधा रोटेशन मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज चुकीच्या बाजूला लागलाय. 133.5, 106.5 आणि 76.6 हे दोनदा फिरवल्याचे आकडे. एक्स-वाय शून्यच राहिला तर तिरका घटक कुठेतरी गळालाय: डायगोनल पर्याय तसाच राहिला असेल, किंवा सॉल्व्हर दोन पेशींमधलाच फरक बघणारा असेल.

कोन 20 का, तर 0 आणि 90 ला तिरका घटकच नसतो. 45 ला एक्स-एक्स आणि वाय-वाय सारखेच, त्यामुळे अदलाबदल लपते. 30 बराच ठीक वाटतो, पण 30 दोनदा फिरवलं की 60, आणि 60 चे आकडे 30 च्या अदलाबदलीशी तंतोतंत जुळतात; दोन चुकांतला फरक कळत नाही. 20 ला प्रत्येक चूक वेगळी दिसते.

आणखी एक आकडा काढा. या तीन प्रसरणांच्या मॅट्रिक्सची लहान आयगनव्हॅल्यू, म्हणजे ठिपक्याच्या सर्वांत अरुंद दिशेचं प्रसरण, 42.3 यायला हवी. ती 50-55 दिसली तर दिशा बरोबर आहे, पण मेश स्वतःच आडव्या दिशेने ओलावा पसरवतेय. तेव्हा मेश बारीक करा किंवा तिच्या रेषा धाग्याला समांतर घ्या.

भूजलावर काम करणाऱ्यांनाही हीच चाचणी चालते. जांभ्या दगडातल्या पाण्याबरोबर दूषित द्रव्य वाहतं तेव्हा प्रवाहाच्या दिशेचं पसरणं आडव्यापेक्षा जास्त असतं. मॉडफ्लो 6 या भूजलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरक्या घटकासाठी एक्स-टी-3-डी ही पद्धत आहे. ती बंद आणि चालू ठेवून हा ठिपका सोडून बघा.

आता फळी

धागा फळीच्या पृष्ठभागाला समांतर नसून 10 अंश तिरका आहे असं धरा. करवतीखालून आलेल्या फळीत हे काही नवल नाही. 10 अंशांना एक्स-एक्स 9.73, वाय-वाय 1.27, एक्स-वाय 1.54. डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या या तिरकेपणामुळे जाडीतून होणारं विसरण 27 टक्क्यांनी वाढतं, आणि मधला भाग वाळायचा वेळ सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो. प्रयोग आणि मॉडेल जुळत नसतील तर विसरणांक ओढूनताणून बसवण्याआधी कोनमापक लावून फळीचा धागा मोजा.

इथे जवळजवळ प्रत्येक जण सवयीने एक गोष्ट करतो: फळी सममित दिसते म्हणून पाव भागाचंच मॉडेल घेतो आणि कापलेल्या रेषांवर शून्य प्रवाह देतो. धागा तिरका असताना हे चालत नाही. आकार आरशासारखा सममित असला तरी टेन्सर नाही. एक्स-वाय घटकाचं चिन्ह आरशात उलटतं. उरते फक्त 180 अंश फिरवण्याची सममिती. पूर्ण फळी घ्या, द्विमितीत तिचा खर्च तो काय.

सीमांवर हवेच्या ओलाव्याशी समतोल साधणारी अट द्या. पावसाळ्यातल्या 85 टक्के सापेक्ष आर्द्रतेला लाकडाचा समतोल ओलावा वजनाच्या साधारण 17-18 टक्के असतो, 65 टक्क्यांना सुमारे 12. पृष्ठभागावर एकदम 12 बसवण्यापेक्षा पृष्ठभाग आणि हवा यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात प्रवाह दिलेला बरा. बंद खोलीत स्थिर हवेचा थर बराच अडथळा करतो.

टोकांना मेण लावलेलं आहे असं दाखवायचं तर तिथे शून्य प्रवाह. याचा अर्थ सीमेला लंब प्रवाह शून्य, लंब ग्रेडियंट शून्य नव्हे. 10 अंश तिरक्या धाग्यात मेण लावलेल्या टोकाशी समओलावा रेषा काटकोनात येत नाहीत, सुमारे 9 अंश कलतात, आणि कलतात त्या धाग्याच्याच बाजूला. ते चित्र बघून मेश बिघडली असं समजू नका. उलट रेषा तिथे अगदी काटकोनात दिसल्या तर शंका घ्या.

ऋण आकडे आणि मेश

फळी 30 टक्क्यांवरून 12 वर वाळत असताना कुठेतरी 11.4 दिसलं, तर ते भौतिकदृष्ट्या अशक्य आहे. आतला ओलावा हवेच्या समतोलाखाली जाऊ शकत नाही. कारणं दोन, आणि त्यांवरचे उपाय वेगळे.

पहिल्या काही पायऱ्यांतच दिसून नंतर नाहीसं झालं तर काळाची पायरी मेशच्या मानाने फार लहान आहे. एकमितीत, साध्या रेषीय घटकांत आणि इम्प्लिसिट ऑइलर पद्धतीत (पुढच्या उत्तरासाठी प्रत्येक पायरीला समीकरणं सोडवणाऱ्या) पायरी जाळीच्या अंतराच्या वर्गाला विसरणांकाच्या सहापटीने भागून येणाऱ्या काळापेक्षा लहान नको. आडव्या दिशेला 1 मिमी जाळीत हा काळ सुमारे 28 मिनिटे येतो. पृष्ठभागाजवळ जाळी बारीक करा किंवा मास लंपिंग (साठवणुकीच्या मॅट्रिक्सचे आकडे कर्णावर गोळा करणं) लावा.

दुसरं कारण तिरकेपणाचं आहे आणि ते पुढेही टिकतं. टेन्सर मेशला तिरका असला की रेषीय घटक कमाल-किमान मर्यादा पाळतीलच असं नाही. इथे पायरी बदलून उपयोग नाही. मेशच्या रेषा धाग्याला समांतर करा. ऋण किंवा कमी आलेले आकडे कापून 12 वर आणणारी ओळ कोडमध्ये घालू नका. चित्र सुधारतं, पण एकूण ओलावा जुळेनासा होतो, आणि वजनाशी ताडून बघायचा एकमेव आधार जातो.

वलयं दिसत असतील तर

आडवा छेद घेतला की प्रश्न त्रिज्या आणि स्पर्शदिशेचा होतो, आणि दिशा प्रत्येक बिंदूला वेगळी. गाभ्याचा बिंदू ठरवा. फळीच्या टोकावर दिसणाऱ्या वलयांना कंपास लावून तो काढता येतो आणि बरेचदा फळीबाहेर पडतो. तिथून निघणारा एकक सदिश वर सांगितलेल्या मांडणीत टाकला, धाग्याच्या जागी त्रिज्येचा आणि आडव्याच्या जागी स्पर्शदिशेचा विसरणांक घेतला, की काम झालं. गाभा फळीतच असेल तर त्या बिंदूला दिशाच नसते आणि भागाकार शून्याने होतो. तिथे आडव्या दोन विसरणांकांची सरासरी असलेलं छोटं वर्तुळ ठेवा.

स्वतःचे आकडे

एकाच फळीतून तीन चकत्या कापा: एकीची जाडी धाग्याच्या दिशेने, एकीची त्रिज्येच्या, एकीची स्पर्शदिशेने. कडा मेणाने बंद करा, दोन्ही तोंडं उघडी ठेवा. हवाबंद डब्यात साध्या मिठाचं संतृप्त द्रावण ठेवलं की आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास टिकते, बाहेर पाऊस असो की ऊन. चकत्या आधी कोरड्या ठिकाणी एकसारख्या होऊ द्या, मग डब्यात टाका आणि वजन घेत राहा. वाढलेलं वजन भागिले अखेरचं एकूण वाढलेलं वजन, हा अंश काळाच्या वर्गमुळासमोर मांडला की निम्म्यापर्यंत सरळ रेषा मिळते. तिच्या उताराचा वर्ग गुणिले जाडीचा वर्ग गुणिले पाय (π), भागिले 16: हा त्या दिशेचा विसरणांक. धाग्याच्या दिशेची चकती जाड कापा, नाहीतर पहिली दोन वजनं घेईपर्यंत ती निम्म्यावर पोचलेली असते. रेष सुरुवातीला वाकलेली दिसली तर पृष्ठभागाचा अडथळा मोठा आहे. डब्यात छोटा पंखा लावा.

हे आकडे घालून फळी दोनदा चालवा, एकदा टोकं उघडी आणि एकदा मेण लावलेली. दोन्हींत दहाव्या दिवसाचा ओलावा मधल्या रेषेवर टोकापासून 20 मिमी आणि 150 मिमी अशा दोन जागी काढा. 150 मिमीवर फरक जवळजवळ शून्य हवा, 20 मिमीवर ठळक. तडा जायचा तो टोकाजवळच्या या भागातच, त्यामुळे बारीक मेश तिथे द्या. मधल्या 200 मिमीत लांबीच्या दिशेने जाड मेश चालेल.